सांडूच्या झेनचा दसरा

सांडूची गाडी ट्रॅकवर स्वतःच्या चाकांवर जायची आणि घरी फकिराच्या टेंपोत बसून यायची. एकदा नाही, दोनदा नाही, दर खेपेला. बजाजनगरात त्याच्या गल्लीला याची इतकी सवय झाली होती की कोपऱ्यावर टेंपो दिसला की शेजारची वच्छलाबाई घरात हाक मारून सांगायची, "आली गं बाई, वरात आली."

गाडी म्हणजे जुनी झेन. पांढरी, पण एक दार लाल, कारण ते भंगारातून तसंच मिळालं होतं. सांडू वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. त्याच खात्यातला फारूख नोकरी सोडून जिन्सीत गॅरेज टाकून बसला होता. सांडू निवृत्त झाला आणि दोघांनी मिळून ही झेन घेतली. मागचं सीट काढून टाकलं, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केला, स्प्रिंगा बदलल्या, इंजिनाचं हेड घासून बारीक केलं. गावात असल्या गाड्यांचा छंद असणारी पंचवीस-तीस माणसं होती. कुणी डॉक्टर, कुणी बिल्डर, कुणी नोकरदार. ही मंडळी सुट्टीच्या दिवशी करमाडकडं तात्यासाहेबांच्या प्लॉटिंगवर जमायची.

तात्यासाहेबांनी जमीन घेऊन तिच्यावर झकास डांबरी रस्ते केले होते, गटारी बांधल्या होत्या, नंबरांचे दगड रोवले होते. प्लॉट मात्र विकले गेले नाहीत. रस्ते तसेच पडून राहिले. दातांचे डॉक्टर दाशरथे यांनी त्यांची परवानगी काढली आणि तिथं ट्रॅक झाला. एका बाजूनं दोरी, अँब्युलन्स, झेंडे, हेल्मेटची सक्ती, सगळं रीतसर. वळणांना नावं आपोआप पडली. नकाशात जिथं बगीचा होता ते बगीच्याचं वळण. जिथं शाळा होती ते शाळेचं. मंदिराच्या राखीव प्लॉटात एक मोठा लिंब होता. तिथं घरची माणसं सतरंजी टाकून बसायची. उरलेल्या प्लॉटांत तात्यासाहेब तूर घ्यायचे.

पहिल्या खेपेला सांडूच्या गाडीचं पाणी उकळलं. मग दोघांनी एका डिझेल गाडीचा मोठा रेडिएटर कापून-जोडून बसवला. पुढच्या खेपेला पाणी थंड राहिलं आणि ब्रेकचं तेल उकळलं. पाय थेट फरशीला टेकला आणि सांडू शाळेच्या तुरीत जाऊन थांबला. मग भारी तेल आणलं, टणक पॅड घातले, चाकांकडं वारा नेणारे पाइप बसवले. त्यानंतर इंजिन बसलं. लांब उजव्या वळणावर आतलं तेल एका अंगाला पळायचं आणि पंप कोरडा पडायचा. बेअरिंग गेलं. सांडूनं तेलाच्या चेंबरात आडव्या पत्र्याच्या पट्ट्या लावल्या, तेल जागच्या जागी राहील अशा. एकदा तर गिअरची दांडीच हातात आली. त्यानं ती खिडकीतून बाहेर काढून फारूखला दाखवली, तेव्हा लिंबाखाली बसलेली सरू उठून टाळ्या वाजवायला लागली. तिला वाटलं, नवरा जिंकला.

सरू म्हणजे सांडूची बायको. ती दर खेपेला बरोबर असायची. परत येताना फकिराशेजारी केबिनमध्ये मांडीवर डबा घेऊन बसायची. सांडू मागं गाडीजवळ उभा राहायचा. ती मागच्या काचेतून बघून हसायची.

"तुमची गाडी लई हुशार हाय," ती म्हणायची. "जाताना राबती, येताना बसून येती."

"एकदा तरी तुला गाडीत बसवून घरी आणतो का नाय बघ," सांडू म्हणायचा.

ते काही झालं नाही. दोन वर्षांमागं सरू गेली. आजार फार लांबला नाही. सांडूनं गाडीवर कापड टाकलं आणि सहा-सात महिने तिकडं बघितलंही नाही. चहा एकाचाच करायचा म्हणजे पातेल्यात दूध किती घालायचं, हेच त्याला जमत नव्हतं.

एका शुक्रवारी नमाज झाल्यावर फारूख आला, कापड ओढलं आणि बॉनेट उघडलं.

"देख, चूहे ने वायरिंग खाया," तो म्हणाला. "आता काय, उंदरासाठी गाडी ठेवायची का?"

वायरिंग केलं. मग टायर. मग क्लच. पूर्वी गाडीखाली शिरलं की सरू बॅटरी धरून बसायची आणि भलतीकडंच उजेड पाडायची, कारण तिचं लक्ष गप्पांत असायचं. आता सांडू बॅटरी तारेनं बांधायचा. उजेड पडायचा बरोबर जागी, पण काम उरकायला जास्त वेळ लागायचा.

भाद्रपदात डॉक्टरांचा फोन आला. तात्यासाहेबांची सगळी प्लॉटिंग एका गोदामवाल्यानं एकगठ्ठा घेतली होती. दिवाळीनंतर खोदकाम सुरू. दसऱ्याला शेवटचा दिवस. सकाळी सराव, दुपारी सगळ्यांची मिळून एक मोठी पाळी.

सांडूला नंबर नको होता. त्याची गाडी कुणाला मागं टाकील, असं त्याला स्वप्नातही वाटत नव्हतं. त्याला एवढंच पाहिजे होतं की गाडीनं एकदा पाळी पुरी करावी, शेवटचा चौकड्याचा झेंडा बघावा, आणि तिथून आपल्या चाकांवर घरी यावं. ट्रॅक गेल्यावर हे कुठं करणार? पुण्याकडं ट्रॅक होते, पण सरू जिथं बसायची तो लिंब तिकडं नव्हता.

दसऱ्यासाठी पाचोडहून त्याची थोरली बहीण द्वारकाबाई आली होती. नवमीला सकाळी सांडू आंघोळ करून आला तर अक्कानं त्याच्या हत्यारांच्या पेटीतले सगळे पाने धुवून, पुसून, लहानापासून मोठ्यापर्यंत टॉवेलवर मांडले होते. एकेकाला हळदीकुंकू. वर झेंडूचा हार. सरू अगदी असंच मांडायची. सांडू दारात उभा राहिला.

"उद्या शिलंगण होईस्तोवर हात नाय लावायचा," अक्का म्हणाली.

"अक्का, उद्या गाडी न्यायचीय."

"मंग ने की. गाडी कुठं म्यां पाटावर बसवली?"

सांडूला वाद घालता आला असता. पण ती मांडणी बघून त्याच्यानं झालं नाही. फारूखकडं पेटी आहेच, असं म्हणून त्यानं विषय सोडला. पाने पूजेला बसले की दसऱ्याला उचलायचे नाहीत, हे त्यानं नोकरीतही पाळलं होतं. कारखानाच त्या दिवशी बंद असायचा.

दसऱ्याच्या सकाळी सांडू ट्रॅकवर पोचला. अक्का बरोबर होती. पुढच्या सीटवर चार पट्ट्यांत आवळून घेऊन ती मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा धरून बसली होती. तिनं गाडीच्या तोंडाला जाडजूड हार बांधला होता. फारूख आधीच येऊन लिंबाखाली थांबला होता. त्याच्या हातात त्याच्या बायकोनं, कमरुन्निसाभाभीनं, दिलेला शिरखुर्म्याचा डबा होता, दुसरं काही नव्हतं.

"पेटी कुठंय?" सांडूनं विचारलं.

"कौन सी पेटी? तुझी नाय आणली का?"

"माझे पाने पूजेत हायेत."

फारूखनं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, माझ्या गॅरेजच्या पोरांनी पण काल माझी पेटी पूजली. नारळ फोडला, हार घातला. मी म्हटलं राहू दे, एका दिवसाचा तर सवाल हाय. सांडूकडं हायेतच."

तीस वर्षं हत्यारांत काढलेली दोन माणसं, आणि दोघांत मिळून एक स्क्रू ड्रायव्हर नव्हता.

"सलाम चाचा, रामराम मामा!" मागून आवाज आला. टेंपोवाला फकिरा होता. टेंपो सावलीत लावून तो हसत उभा होता.

"तुला कुणी बोलावलं रे?" सांडू खेकसला.

"कुणी नाय. सणाचं भेटाय आलो."

"टेंपो घेऊन?"

"आता मोकळ्या हातानं कसं यायचं, मामा?"

सांडूनं गाडीचा डावा दिवा काढला. हा त्याचाच उद्योग होता. दिवा त्यानं दोन खिट्ट्यांवर बसवला होता, हातानं निघायचा. दिव्याच्या जागी जे भोक पडायचं, त्याच्या मागं एक जाड पाइप होता आणि पाइपाच्या टोकाला हवेची जाळी. गाडी जोरात गेली की समोरचा थंड वारा त्या भोकातून थेट इंजिनाला मिळायचा. घरी जाताना दिवा पुन्हा खटकन बसवायचा.

सकाळचा सराव सरळ झाला. गाडी इतकी गोड पळाली की फारूख दोनदा म्हणाला, "नजर न लगे." दुपारी पाळीआधी डॉक्टर दाशरथे तपासणीला आले. त्यांनी पट्टे ओढून बघितले, चाकांचे नट बघितले.

"काका, हार काढावा लागेल," ते म्हणाले. "ट्रॅकवर सुटं काही चालत नाही."

"ते देवाचं हाय," अक्का म्हणाली.

"मावशी, नियम आहे. तुमच्या दाढेत काही अडकलेलं असलं तर मी काढीन का नाही? तसंच हे."

सांडूनं हार काढून अक्काच्या हातात दिला. मग सगळे ड्रायव्हर सूचना ऐकायला गेले. फारूखही गेला. अक्का गाडीजवळ एकटी राहिली.

पाळी सुरू झाली. पहिल्या फेरीतच सांडूला वाटलं, गाडी जड झालीय. सरळ रस्त्यावर पाय पूर्ण दाबला तरी ती सकाळसारखी उडी घेईना. पाणी बघितलं, थंड. तेलाचा दिवा, बंद. ब्रेक, घट्ट. जे जे पूर्वी मोडलं होतं, ते सगळं नीट होतं. दोन पोरांच्या चकचकीत गाड्या भर्रकन निघून गेल्या. सांडूनं जाऊ दिल्या. दुसऱ्या फेरीत गाडी खोकली. शाळेच्या वळणावर पुन्हा खोकली. तिसऱ्या फेरीत बगीच्याच्या पुढं तिनं तीन आचके दिले आणि बंद पडली. वेग होता तेवढ्यावर सांडूनं ती रस्त्यावरून बाजूला घेतली. ती गडगडत येऊन मंदिराच्या प्लॉटात लिंबाखाली थांबली.

चावी फिरवली. फुर्रर्र. पुन्हा फिरवली. फुर्र.

डॉक्टरांनी पिवळा झेंडा लावला. बाकीच्या गाड्या सावकाश जाऊ लागल्या. हातातल्या कर्ण्यातून त्यांचा आवाज आला, "काका, चालू होत असेल तर या परत! नाहीतर ओढून घेऊ!"

फकिरानं टेंपोतला दोर काढलासुद्धा होता.

"तिथंच थांब," सांडू त्याला म्हणाला. त्याचा आवाज असा आला की फकिरा खरंच थांबला.

सांडू खाली उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. समोर लिंब होता. सतरंजीची जागा तीच. त्याच्या मनात आलं, सोडून द्यावं. नाही तर नाही. कुणाला दाखवायचंय?

फारूखनं बॉनेट उघडलं. आत डोकं घातलं. मग डोकं बाहेर काढलं आणि नाक ओढलं.

"सांडू."

"काय?"

"इंजिनातून झेंडूचा वास येतोय."

"येडा झालास का?"

"खुदा की कसम. ये, हुंगून बघ."

सांडू उतरला. त्यानं हुंगलं. पेट्रोल, गरम रबर, आणि त्यात दसऱ्याच्या पूजेचा घमघमाट. दिव्याच्या भोकात त्यानं हात घातला तर बोटांना पिवळी पाकळी चिकटून आली.

दोघांनीही एकदम अक्काकडं बघितलं. अक्का पदराशी चाळा करत होती.

"अक्का?"

"मला काय बघतो?"

"अक्का, हार कुठंय?"

"आता सणाच्या दिवशी एका डोळ्यानं आंधळी गाडी बरी दिसती व्हय?" अक्का एका दमात म्हणाली. "भोक तसंच उघडं. मला कसंतरी झालं. म्हणून त्यात हार भरला. वाऱ्यानं पडू नये म्हणून चांगला आत दाबला."

फारूख खाली बसला. पोट धरून बसला. सांडूचा चेहरा आधी लाल झाला, मग ओठ हलले, आणि मग त्याला जे हसू फुटलं ते थांबेना. बॉनेटला धरून तो हसला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. दोन वर्षांत तो असा हसला नव्हता. फारूखनं ते बघितलं आणि स्वतःचं हसू आवरून त्याच्याकडं बघत राहिला.

"दात काय काढता!" अक्का चिडली. "काढा की फुलं बाहेर!"

पाइपातली फुलं सांडूनं हातानं ओरबाडून काढली. पण जाळीवर पाकळ्यांचा लगदा बसला होता, आणि जाळी काढायची तर तिचा पट्टा सैल करावा लागणार. पट्ट्याला एक स्क्रू. ज्यांच्याकडं पेट्या होत्या त्यांचे तंबू रस्त्यापलीकडं होते, आणि गाड्या चालू असताना रस्ता ओलांडायचा नाही, हा नियम. फारूखनं खिशातलं नाणं लावलं. जाड पडलं. नखानं बघितलं, नख तुटलं.

"चाकू हाय का अक्का?"

"चाकू काल पूजला."

"आणि उलथनं?"

अक्का थांबली. विचार करून म्हणाली, "उलथनं नाय पूजलं."

पोळ्यांच्या डब्याबरोबर तिनं पाचोडचं आपलं उलथनं आणलं होतं. पोळी गरम करायची झाली तर दुसऱ्याच्या उलथन्यानं तिला जमत नसे. वर्षानुवर्षं तव्यावर घासून त्याची धार पत्र्यासारखी झाली होती. ते स्क्रूच्या खाचेत बरोबर बसलं.

"उलथन्याला हत्यार म्हणायचं का नाय?" सांडूनं विचारलं. त्याचा हात थबकला होता.

"मेल्या, फिरव," अक्का म्हणाली. "देवाला मी सांगते."

त्यानं फिरवलं. पट्टा सैल झाला, जाळी हातात आली. फारूखनं ती मांडीवर आपटली. पाकळ्यांचा सडा पडला. उरलेल्या अक्कानं बोटांनी वेचल्या, तांदळातले खडे वेचावे तशा. फकिरानं दोर टाकून दिला आणि तोंडानं जाळीत फुंकर मारायला लागला. कर्ण्यातून आवाज येत होता, "काका, काय ठरलं?" जाळी बसली, पट्टा आवळला, बॉनेट पडलं. सांडू आत बसला, पट्ट्यांत अडकला आणि त्यानं चावी फिरवली.

गाडी अशी ओरडली की लिंबावरचे कावळे उडाले.

पुढच्या फेऱ्या सांडूला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं की सरळ रस्त्यावर पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. शाळेच्या वळणावर ब्रेक लागले तिथंच लागले. लांब उजव्या वळणावर तेलाचा दिवा पेटला नाही. त्या वळणावर तो पूर्वी कायम घाबरायचा. त्या दिवशी त्यानं स्टिअरिंग हलकं धरलं आणि गाडीला जायचं तसं जाऊ दिलं. लिंबाखालून जाताना दर फेरीला अक्का उलथनं हवेत धरून उभी दिसायची. सांडू सगळ्यांच्या मागं होता. त्याला काही वाटलं नाही. तो मोठ्यानं काहीतरी ओरडत होता. काय, ते हेल्मेटमध्येच राहिलं.

डॉक्टरांनी चौकड्याचा झेंडा स्वतः दाखवला. सांडूची गाडी शेवटून दुसरी आली, कारण एका नव्या गाडीचं टायर गेलं होतं. फारूखनं धावत येऊन खिडकीतून त्याचं हेल्मेट धरून हलवलं.

"हो गया रे! पाळी पुरी!"

"अजून घर हाय," सांडू म्हणाला.

पोळ्या आणि शिरखुर्मा खाऊन, दिवा परत बसवून ते निघाले. फकिराच्या टेंपोत त्या नव्या गाडीची सोय झाली, म्हणजे त्याचा सण काही वाया गेला नाही. फारूख आपली मोटारसायकल घेऊन पुढं गेला. अक्का पुन्हा चार पट्ट्यांत बसली. जालना रोडला गाड्यांची रांग होती. सगळ्यांच्या तोंडाला हार. चिकलठाण्याच्या पुढं ती एकदम म्हणाली,

"मी डोळा भरला तवा तू मला रागं का नाय भरलास?"

"हसू आलं."

"सरू असती तर हसून लोळली असती."

"व्हय," सांडू म्हणाला. "लोळली असती."

छावणी गेली, नगर नाका गेला. सांडू कान इंजिनाला लावून चालवत होता. काही वाजत नव्हतं. काहीच गरम होत नव्हतं. वाळूजच्या अलीकडच्या पंढरपूरच्या चौकात सिग्नलला गाडी उभी राहिली आणि बंद पडली नाही.

गल्लीत वळला तेव्हा दिवे लागायची वेळ होती. फारूख दारात थांबला होता, कमरुन्निसाभाभीला घेऊन. वच्छलाबाई ओट्यावर आली. गाडी आपल्या चाकांवर येताना बघून तिनं मागं टेंपो आहे का, ते वाकून बघितलं.

"फाटकातच थांब," अक्का म्हणाली. "आत आणू नको. शिलंगण करून आलेल्याला दारात ओवाळतात."

पट्ट्यांतून सुटून ती आत गेली, ताट घेऊन आली. निरांजन, अक्षता, सुपारी. तिनं आधी सांडूला खिडकीतून कुंकू लावलं. मग फारूखच्या हातात आपट्याची पानं दिली. फारूखनं ती डोक्याला लावून खिशात ठेवली. मग अक्का गाडीच्या पुढं आली आणि थांबली.

"बंद कर की. किती हादरतीय. दिवा विझंल."

सांडूचा हात चावीवर होता. गाडी सारखी चालत होती, एका लयीत, जशी ती चार वर्षांत कधीच चालली नव्हती तशी. त्याला ती बंद करावीशी वाटेना. उद्यापासून ती उभीच राहणार होती.

"राहू दे अक्का," तो म्हणाला. "चालूच ओवाळ."

अक्कानं एक हात निरांजनाच्या आड धरला आणि चालू गाडीलाच ओवाळलं.